शंभरपैकी किती गुळगुळीत? हातातल्या थ्रीडी स्कॅनरचे सहा महिने

पहिल्याच दिवशी या यंत्राने सपाट काचेला शंभरपैकी ४१ मार्क दिले. आणि ज्या जुन्या साच्यातला पोचा मला डोळे मिटून सापडतो, त्याला ८६. खोक्यात भरून परत पाठवायचा विचार तेव्हाच आला होता. पाठवला नाही, आणि आज सहा महिन्यांनी तो रोज वापरात आहे. पण ते मार्क मात्र मी सेटिंगमध्ये जाऊन कायमचे बंद करून टाकलेत.

मी फायबरग्लासचे साचे करतो. यंत्रांची झाकणं, कव्हरं, हूड, असलं काम. बावीस वर्षं झाली. गुळगुळीतपणा तपासायची माझी पद्धत एकच: तळहाताखाली पातळ सुती कापड धरायचं आणि हात सावकाश फिरवायचा. कापडामुळे बारीक खरखर हाताला लागत नाही, लांब लाट तेवढी कळते. हे कापड म्हणजे एक फिल्टर आहे, हे मला स्कॅनर घेतल्यावर कळलं. त्याबद्दल यंत्राचे आभार.

यंत्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या आणखी दोन यंत्रांचं सॉफ्टवेअर मी मित्रांकडे चालवून पाहिलं, आतली गोम तीच निघाली. एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

रचना सोपी आहे. मध्ये एक प्रोजेक्टर, दोन बाजूंना दोन कॅमेरे. प्रोजेक्टर वस्तूवर उजेडाचे पट्टे टाकतो, कॅमेरे ते पट्टे कुठे कसे वाकले ते बघतात, आणि त्रिकोणाच्या गणिताने प्रत्येक ठिपक्याची जागा काढतात. ठिपके जोडून त्रिकोणांची जाळी होते. हातात धरायला बरा आहे, वायर जाड असल्याने मनगट दुखतं. चकचकीत आणि काळ्या पृष्ठभागावर पट्टे दिसत नाहीत, म्हणून वर पांढरा मॅट स्प्रे मारावा लागतो. स्प्रे जाड बसला तर त्याचीच खरखर मोजली जाते. पहिले पंधरा दिवस मी स्प्रेची गुणवत्ता तपासत होतो.

आता मार्कांचं. सॉफ्टवेअरमध्ये ‘सरफेस क्वालिटी’ नावाचं बटण आहे. दाबलं की ० ते १०० मध्ये आकडा येतो, खाली हिरवी-पिवळी-लाल पट्टी. गिऱ्हाइकाला दाखवायला झकास. काचेला ४१ आल्यावर मी भाचीला फोन केला. बहिणीची मुलगी, कॉम्प्युटर व्हिजनमध्ये, म्हणजे संगणकाला बघायला शिकवायच्या शास्त्रात, पीएचडी करते. तिने पहिला प्रश्न विचारला, “मामा, ठिपक्यांमधलं अंतर किती ठेवलंस?”

“सगळ्यात बारीक. ०.२ मिमी. पैसे मोजलेत तर बारीकच घेणार ना.”

“आणि एकेका ठिपक्याची चूक किती?”

माहितीपत्रकात ०.०२ मिमी लिहिलं होतं. तिने फोनवरच हिशेब केला. वक्रता म्हणजे रेषा किती झपाट्याने वळते याचं माप. वर्तुळाची वक्रता म्हणजे १ भागिले त्रिज्या. ठिपक्यांवरून ती काढायची तर शेजारच्या तीन ठिपक्यांच्या उंचीतला फरकाचा फरक घ्यायचा आणि अंतराच्या वर्गाने भागायचं. ठिपक्यातली चूकही त्याच वर्गाने भागली जाते. ०.०२ ची चूक, सहाच्या वर्गमुळाने गुणून, ०.०४ ने भागली की येतात १.२. म्हणजे सॉफ्टवेअरच्या नजरेत माझी सपाट काच ०.८ मिमी त्रिज्येच्या फोडांनी भरलेली होती. टाचणीच्या डोक्याएवढे फोड, काचभर!

हेच अंतर २ मिमी केलं तर भागाकार शंभरपटीने खाली येतो आणि फोडांची त्रिज्या जाते ८२ मिमीवर. मी करून पाहिलं. काच ४१ वरून ९३. काच तीच, टेबल तेच, स्प्रेसुद्धा पुसला नव्हता. पोचा असलेल्या साच्याचे ८६ कसे आले तेही मग उमगलं: तो मी काचेच्या आधी, शिकताना, ढोबळ सेटिंगवर स्कॅन केला होता.

तेव्हापासून मी या यंत्राला ‘किती गुळगुळीत’ असं विचारत नाही. ‘किती लांबीवर गुळगुळीत’ असं विचारतो. आणि इथे यंत्राची खरी किंमत कळते, कारण मार्कांच्या बटणाच्या मागे, ‘ॲडव्हान्स्ड’ नावाच्या अडगळीत, एक स्लायडर आहे: खिडकीचा आकार. प्रत्येक ठिपक्याभोवती तेवढ्या व्यासाचा गोल घेऊन त्यात एक गुळगुळीत वाटी बसवायची आणि त्या वाटीची वक्रता वाचायची. संगणकाला आकार बघायला शिकवणाऱ्या लोकांनी ही गोष्ट १९८३ मध्येच धरली होती. विटकिन यांनी एकाच रेषेला कमी-जास्त धूसर करत जायचं आणि कुठली वळणं कुठल्या पातळीपर्यंत टिकतात ते बघायचं, अशी पद्धत मांडली. पुढे मोख्तारियन आणि मॅकवर्थ यांनी तीच कल्पना वस्तूंच्या बाह्यरेषांच्या वक्रतेला लावली. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची समज अडगळीत ठेवली आहे आणि दर्शनी दारात हिरवी पट्टी.

एक काम सांगतो म्हणजे खिडकी काय करते ते दिसेल. सहाशे मिमी लांबीचं एक कव्हर होतं, गडद रंगात जाणारं. हाताला बरोबर लागत होतं. रफनेस टेस्टर, म्हणजे बारीक खरखर मोजणारं यंत्र, तोही म्हणाला ठीक. रंग देऊन आल्यावर ट्यूबलाइटखाली धरलं आणि पोटात गोळा आला: ट्यूबची रेघ सापासारखी सळसळत होती. साचा परत स्कॅन केला. खिडकी ६ मिमी ठेवली तर नकाशाभर नुसती मुंग्यांची रांगोळी. ६० ठेवली तर सगळं शांत, निळंशार. २० ला आणलं आणि पट्टे उभे राहिले, एकाआड एक, साधारण ६० मिमीवर एक लाट. उंची, माथ्यापासून खाचेपर्यंत, ०.०५ मिमी. केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

एवढ्याशा लाटेने एवढं का दिसावं? कारण डोळा उंची बघत नाही, उतार बघतो. त्या लाटेचा उतार जास्तीत जास्त ०.१५ अंश. आरशात उतार दुप्पट होऊन परत येतो, ०.३ अंश. ट्यूब दोन मीटरवर असेल तर तिची रेघ एक सेंटिमीटर इकडे, एक सेंटिमीटर तिकडे. आणि रफनेस टेस्टर का गप्प बसला? तो नेहमीच्या सेटिंगला ०.८ मिमीपेक्षा लांब लाट गाळूनच टाकतो; ते त्याचं कामच नाही. माझं कापडही तसंच, फक्त उलट्या बाजूने गाळतं. पण कापडाखालच्या हातालाही ०.०५ जमलं नाही, हे कबूल करतो. बावीस वर्षांचा हात होता, दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

या एका कामासाठी यंत्राला पूर्ण मार्क. मी देतोय, ते नव्हे.

आता दुसरी खोट, आणि ही मला जास्त लागली. रंगीत नकाशा उघडला की आधी दिसतो तो गाऊस वक्रतेचा. कुठल्याही बिंदूवर पृष्ठभाग दोन मुख्य दिशांना वाकलेला असतो. त्या दोन वक्रतांचा गुणाकार म्हणजे ही. गुणाकार आहे हे लक्षात ठेवा. एक दिशा सरळ असेल तर दुसरी कशीही वळवळू दे, उत्तर शून्य. पन्हळी पत्रा घ्या: एका दिशेला लाटाच लाटा, दुसऱ्या दिशेला सरळ. गाऊस वक्रता सगळीकडे शून्य. माझ्याकडे पत्र्याचा तुकडा होता, स्कॅन केला. नकाशा एकसारखा हिरवागार, काचेसारखा! गणितज्ञ गाऊस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केलं होतं की पृष्ठभाग न ताणता नुसता वाकवला तर हा आकडा बदलत नाही; कागदाची सुरळी केली तरी तो शून्यच राहतो. गणित म्हणून हे सुंदर आहे. पण साच्याच्या लाटा बहुतेक वेळा एकाच दिशेने धावतात, कारण हात पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढतो. म्हणजे ज्या दोषाची मला सगळ्यात जास्त भीती, तोच या नकाशाला दिसत नाही. मेनूत सरासरी वक्रता आहे, आणि ‘कर्व्हडनेस’ पण आहे, म्हणजे दोन्ही वक्रतांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ. हे माप कोएंडरिंक आणि व्हॅन डूर्न यांनी १९९२ मध्ये मांडलं, त्याच्या जोडीला ‘शेप इंडेक्स’: आकार वाटी आहे, घळ आहे, खोगीर आहे, कणा आहे की घुमट, हे उणे एक ते अधिक एक या पट्टीवर सांगणारं. मी कर्व्हडनेस कायमचं लावून टाकलंय. पन्हळी पत्रा आता लालभडक दिसतो, जसा दिसायला हवा.

याच गाऊसपायी एक फजिती झाली. बंद आकाराचं स्कॅन केलं की रिपोर्टमध्ये ‘एकूण वक्रता’ येते. मी एक बंद खोळ घासायच्या आधी मोजली: १२.५७. दोन दिवस घासली, परत मोजली: १२.५७. मुद्दाम एका कोपऱ्यावर हातोडी मारली: १२.५७. कंपनीला तक्रार लिहिली की आकडा अडकलाय. उत्तर आलं, सॉफ्टवेअर अपडेट करा. भाची मात्र हसत सुटली. “मामा, तो आकडा बदलला असता तर घाबरायचं होतं.” भोक नसलेल्या कुठल्याही बंद आकाराची एकूण गाऊस वक्रता ४π (पाय म्हणजे ३.१४) एवढीच असते, १२.५७. अंशांत सांगायचं तर ७२०. ठोकळ्यावर करून बघा: प्रत्येक कोपऱ्यात तीन काटकोन, म्हणजे ३६० ला ९० कमी, असे आठ कोपरे, ७२०. चेंडू असो की चुरगळलेला डबा, उंचवट्यांची बेरीज आणि खोगिरांची वजाबाकी मिळून तेवढंच उरतं. मग हा आकडा क्वालिटी रिपोर्टमध्ये छापतात कशाला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

फोटोवरून बाह्यरेषा काढायची सोयही आहे. एकच कॅमेरा, पांढरा पडदा, वस्तूची सावलीसारखी आकृती. याबद्दल थोडक्यात: वापरू नका, निदान गुळगुळीतपणा मोजायला तरी नको. मी ५० आणि १०० मिमी व्यासाच्या दोन चकत्या ठेवल्या, दोन्ही एकाच लेथवरच्या. लहान चकतीची ‘वाकण्याची ऊर्जा’ ०.२५, मोठीची ०.१३. म्हणजे लहान चकती दुप्पट खडबडीत? तसं नाही. वक्रतेचा वर्ग रेषेभर जोडत गेलं की वर्तुळासाठी २π भागिले त्रिज्या एवढं येतं, आकार निम्मा केला की दुप्पट होतं. परिघाने गुणलं की दोन्हींचे ३९.५ येतात आणि भांडण मिटतं. एक गुणाकार करायला कुणी विसरलं.

हे माप मात्र जुनं आणि मानाचं आहे. लवचीक पट्टी वाकवून धरली की ती नेमकी ही बेरीज कमीत कमी होईल असा आकार घेते. गणितज्ञ ऑयलर यांनी १७४४ मध्ये अशा पट्टीच्या वळणांची गणितं सोडवली. जहाजांच्या आराखड्यावर काम करणारे लोक लाकडाची बारीक पट्टी आणि शिशाची वजनं घेऊन रेषा काढायचे, ती हीच पट्टी. माझ्या पहिल्या मिस्त्रींकडे अशी पट्टी होती. ते म्हणायचे, “पट्टीला जबरदस्ती करू नकोस, ती सांगेल कुठे दुखतंय.”

फोटोतून कडा पकडण्यासाठी सॉफ्टवेअर त्याच पट्टीचा संगणकी भाऊ वापरतं. कास, विटकिन आणि टेर्झोपूलोस यांनी १९८७ मध्ये ‘स्नेक’ नावाची युक्ती काढली: फोटोवर एक लवचीक रेघ सोडायची, कड तिला ओढते, आणि तिचा स्वतःचा ताण आणि कडकपणा तिला वेडंवाकडं होऊ देत नाही. छान चालतं. फक्त कडकपणाचा स्लायडर वाढवला की रेघ आपोआप गुळगुळीत होते, आणि मग त्याच रेघेचा गुळगुळीतपणा मोजला जातो! मी कातरलेल्या, दातेरी पुठ्ठ्याला ९५ मिळवून दाखवले आहेत. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा.

हीच खोड थ्रीडीतही आहे, जरा लपून. ‘स्मूद’ बटण दाबलं की प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा सरकतो. मार्क वाढत जातात. ४० मिमीचा स्टीलचा गोळा घेऊन पन्नास वेळा दाबलं: मार्क १००, व्यास ३९.४. गोळा आवळत चालला होता. सरासरी नेहमी पोटाच्या बाजूला पडते, त्यामुळे हे होणारच. त्यावर तौबिन यांनी १९९५ मध्ये उतारा दिला: एक पाऊल आत, लगेच एक किंचित मोठं पाऊल बाहेर, खरखर जाते, आकार राहतो. हा पर्यायही अडगळीतच आहे. बरं, माझी शंका अशी की जाळी बनवतानाच सॉफ्टवेअर थोडी इस्त्री फिरवतं आणि सांगत नाही. म्हणून मी मोजमाप नेहमी कच्च्या ठिपक्यांवर करतो, जाळीवर नाही.

आता ज्यासाठी हा स्कॅनर मी ठेवला, ते: झेब्रा. स्क्रीनवरच्या आकारावर काळे-पांढरे पट्टे परावर्तित झाल्यासारखे दाखवतो. मोटारींचे आकार करणारे लोक हे फार आधीपासून वापरतात. सांध्यावर पट्टे तुटले तर दोन पृष्ठभाग नुसते टेकलेत. पट्टे जुळले पण कोन करून वळले, तर उतार जुळलाय, वक्रता जुळलेली नाही. पट्टे सरळ वाहत गेले तर वक्रताही जुळली. माझ्या कव्हरांना सपाट माथा आणि १५ मिमी त्रिज्येची गोल कड असते, बावीस वर्षं तशीच. हाताला कधी सांधा लागला नाही. झेब्रावर मात्र प्रत्येक पट्टा सांध्यापाशी कोपरात दुमडल्यासारखा. कारण सपाट भागाची वक्रता शून्य आणि गोल कडेची एकपंधरांश, मध्ये एकदम उडी. रंग दिल्यावर त्या जागी उजेड का अडखळतो हे मला दोन दशकं कोडं होतं आणि मी रंगाऱ्याला बोलत होतो. नाचता येईना, अंगण वाकडं. रंगाऱ्याची माफी मागून झाली आहे. आता कड अशी करतो की वक्रता शून्यापासून हळूहळू चढते. लांबी (पुट्टी) भरायला थोडी जास्त लागते, पण उजेड अडखळत नाही.

एक तक्रार राहते. मुद्दाम ठेवलेली धारदार कड यंत्राला दोषच वाटते. एखाद्या कव्हरवर शिवणीसारखी तीक्ष्ण रेघ हवी असते, तिच्यामुळेच आकाराला चेहरा येतो. ॲटनीव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये झोपलेल्या मांजराचं चित्र केलं होतं: वळण सगळ्यात तीव्र असलेले ३८ बिंदू घेतले आणि सरळ रेषांनी जोडले. मांजर लगेच ओळखू येतं. तीक्ष्ण वळणांतच ओळख असते, आणि आमचं यंत्र तिथेच लाल शेरा मारतं. ब्रशने तेवढा भाग वगळता येतो, एवढं बरं. पण ब्रश जाड आहे, शिवणीसोबत शेजारचे चार मिमी पण जातात.

बाकी किरकोळ. बॅटरी नाही, त्यामुळे तिची तक्रारही नाही. मॅन्युअल वाचवत नाही. मोठा साचा असेल तर लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून आधी २ मिमीवर अख्खा बघायचा आणि संशय येईल तेवढाच तुकडा ०.२ वर. नवीन घेणाऱ्याने पहिल्या दिवशी माहीत आकाराच्या तीन वस्तू स्कॅन कराव्यात: सपाट काच, मोजलेला गोळा, पन्हळी पत्रा. तासाभरात यंत्र कुठे थापा मारतं ते कळतं.

रिपोर्टच्या पीडीएफमध्ये खिडकीचा आकार छापून येत नाही. म्हणून प्रत्येक साच्याच्या मागे मी टेप लावतो आणि मार्करने लिहितो: ठिपके ०.२, खिडकी २०, शिवण वगळली. ही एक ओळ रिपोर्टवर छापा, असं कंपनीला तीनदा कळवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, सॉफ्टवेअर अपडेट केलंय का.